वाटी कुणाची धरायची?

दिवाळीच्या आधी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत फराळाच्या कृती येऊ लागतात. चकलीची कृती साधारण अशी असते: चार वाट्या भाजणी, पाव वाटी तेलाचं कडकडीत मोहन, तिखट-मीठ, तीळ, ओवा आणि भिजवायला पाणी. ही वाटी कुठली, हे लिहिण्याची पद्धत नाही. कृती देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या फडताळातली वाटी असते, वाचणाऱ्याच्या हातात स्वतःच्या घरातली. भांड्यांच्या दुकानात १०० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठ्या वाट्या एकीत एक रचून ठेवलेल्या असतात आणि त्या सगळ्यांना वाटीच म्हणतात. शिवाय इथे डोळा फसतो. एकाच घाटाच्या दोन वाट्यांपैकी एकीचा व्यास नऊ सेंटिमीटर आणि दुसरीचा दहा असेल, तर शेजारी ठेवल्याशिवाय फरक ध्यानात येत नाही. पण उंचीही त्याच मानाने वाढलेली असल्यामुळे दुसरीत सुमारे ३७ टक्के माल जास्त मावतो. माझं म्हणणं असं की छापील किंवा चित्रित कृतीत वाटीच्या जोडीला ग्रॅम यायला हवेत आणि वजन करण्याचं काम कृती देणाऱ्याने करायला हवं. वाचणाऱ्याने तक्ता शोधून वाट्यांचे ग्रॅम करत बसायचं, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वाटी कुठलीही घ्या, सगळं तिनेच मोजा, प्रमाण चुकत नाही. भाताला हे लागू पडतं. वाटीला दोन वाट्या पाणी म्हटलं की वाटी लहान असो वा मोठी, भात सारखाच होतो. तांदूळ नवा की जुना एवढंच पाहावं लागतं. तांदळाचा दाणा फारसा दाबला जात नाही, पाणी तर नाहीच, म्हणून तिथे वाटी निभावून नेते. पीठ मात्र दबतं. भाजणी गिरणीतून आली की गरम, मोकळी, फुललेली असते. तीच डब्यात भरली, आणखी मावावी म्हणून डबा ओट्यावर दोन-चारदा आपटला आणि आठवडाभर ठेवला, की खाली बसते. पहिल्या दिवशीच्या चार वाट्या आणि आठव्या दिवशीच्या चार वाट्या, वाटी तीच, हात तोच, तरी पीठ तेवढंच नसतं. मैद्यात हा फरक सहज मोजता येतो. चाळून, हलक्या हाताने चमच्याने भरला तर २५० मिलिलिटरच्या कपात तो सुमारे १२५ ग्रॅम बसतो. कप थेट डब्यात खुपसून दाबून काढला तर १५० ग्रॅमच्याही वर जातो. तेल दोन्ही वेळा तेवढंच राहतं. म्हणजे माप न बदलता तेलापुढचं पीठ एकपंचमांशाने वाढलं. चकलीत हे चालत नाही. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते, आणि मग दोष भाजणी भाजणाऱ्याला दिला जातो.

एकाच वाटीने सगळं मोजलं जातं, हेही खरं नाही. आपल्या कृतींत वाटीच्या शेजारी अर्धा लिटर दूध असतं, एका नारळाचा चव असतो, पाव किलो खवा असतो, कंडेन्स्ड मिल्कचा डबा असतो, दोन अंडी आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा असतो. यातलं काहीही वाटीबरोबर लहान-मोठं होत नाही. अर्धा लिटर दुधाला दोन वाट्या रवा असं लिहिलं, तर शंभराच्या वाटीने पडणारा रवा दोनशेच्या वाटीने दुप्पट होतो आणि एकाच कृतीतून एका घरी मऊ शिरा तर दुसऱ्या घरी कोरडा गोळा तयार होतो. गुळाची गोष्ट याहून बिकट आहे. ‘एक वाटी चिरलेला गूळ’ म्हणजे जाड चिरलेला, ज्यात खड्यांच्या मध्ये पोकळी राहते, की बारीक चिरून दाबून भरलेला, की किसलेला? तिन्ही वेळा वाटी भरलेली दिसते, गूळ तिन्ही वेळा वेगळा असतो. पुरणाला ‘वाटीला वाटी’ म्हटलं की आणखी एक प्रश्न उभा राहतो: डाळ कोरडी मोजायची की शिजवून पाणी काढल्यावर? लग्नकार्यात पुरण घालणारी मंडळी ‘किलोला किलो’ म्हणतात, ते कोरड्या डाळीचं असतं आणि त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. तुपाचंही तसंच. थिजलेलं तूप वाटीत शीग लावून घेतलं जातं, पातळ तुपाला शीग लागत नाही. बेसनाचे लाडू वळल्यावर ताटात बसतात, पसरट होतात, त्यातल्या कितीतरी वेळा कारण एवढंच असतं.

मग तक्ते कशाला आहेत, असं कुणी विचारील. इंटरनेटवर ते मुबलक मिळतात: एक कप मैदा बरोबर इतके ग्रॅम, एक कप साखर बरोबर तितके. त्यातले अगदी वाईट तक्ते मिलिलिटर आणि ग्रॅम एकच समजतात. हे पाण्याला जमतं. मैदा त्याच मापात पाण्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा भरतो. पण काळजीपूर्वक केलेल्या तक्त्यांचाही एकमेकांशी मेळ बसत नाही. अमेरिकेतली किंग आर्थर ही पिठाची जुनी कंपनी एका कपाला १२० ग्रॅम मैदा धरते. तिथलंच ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ हे पाककृतींचे कसून प्रयोग करणारं मासिक त्याच कपाला पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम धरतं. कप दोघांचाही एकच, देश एक, पीठही जवळपास एक. कुणाचंच चुकलेलं नाही. एकाने पीठ चमच्याने सोडून कप भरण्याची रीत धरली, दुसऱ्याने कप पिठात बुडवून काढण्याची. तक्ता म्हणजे कुणाच्या तरी हाताने भरलेल्या कुणाच्या तरी मापाचं वजन. मूळ कृती करणाऱ्याच्या परातीत त्या दिवशी किती पीठ पडलं, ही माहिती कृती लिहितानाच निसटलेली असते आणि नंतर कितीही गुणाकार-भागाकार केला तरी ती परत हाती येत नाही. जिथे कपाचं माप ठरलेलं आहे तिथे ही तऱ्हा, तर माप न ठरलेल्या आपल्या वाटीला कुठला तक्ता पुरणार? उलट तक्त्यातून आलेला ‘११८ ग्रॅम’ असा आकडा अधिक फसवा, कारण तो मोजल्यासारखा दिसतो.

यावर कुणी म्हणेल, मग वाटीच ठरवून टाका: १५० मिलिलिटरची, काठोकाठ, वरून सुरीने सपाट केलेली. हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. बोस्टनच्या पाकशाळेत शिकवणाऱ्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह धरला आणि तो देशभर रुजला. स्वयंपाक शिकवण्याच्या दृष्टीने ती मोठीच सुधारणा होती. पण माप ठरलं तरी माप भरणारा हात ठरत नाही, हे १२० आणि १४२ च्या तफावतीतून दिसतंच. म्हणून तर तिथली बेकिंगची पुस्तकं आता कपाच्या शेजारी ग्रॅम छापू लागली आहेत. शिवाय ठरलेलं मापही देश ओलांडताना बदलतं. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २०. मेलबर्नमधल्या मराठी घरात न्यू जर्सीहून आलेली कृती वाचली जाते आणि दोन्ही घरांत मूळ कृती साताऱ्याच्या वाटीतली असते, तेव्हा ती वाटी दोन वेळा भाषांतरित झालेली असते. ग्रॅमला हा प्रवास बाधत नाही.

वजन हे परकं, बेकरीतलं, इंग्रजी पुस्तकांतलं खूळ आहे, आपल्या स्वयंपाकाचा तो स्वभाव नाही, हा आक्षेप मला सगळ्यात कच्चा वाटतो. वर्षाचा गोडा मसाला करायला घेतला की आपल्याकडे कुणी वाटीने धने मोजत नाही. एक किलो धने, त्यावर जिरं, खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी असं सगळं ग्रॅममध्ये उतरतं, कारण वाणी वजनाने देतो आणि यादी वाण्याकडे जायची असते. पापड उडदाच्या डाळीच्या किलोवर ठरतात, कैरीच्या लोणच्याचं मीठ कैरीच्या किलोवर. भाजणीच्या धान्यांचं प्रमाणही पुष्कळ घरांत किलो-अर्धा किलोचं असतं आणि गिरणीवाला दळणाचे पैसे वजनावरच घेतो. म्हणजे जो पदार्थ वर्षभर टिकायला हवा, किंवा ज्यात चूक परवडणार नाही इतका माल गुंतलेला आहे, तिथे मराठी स्वयंपाकघराने वजन केव्हाच पत्करलेलं आहे. शाळांच्या पोषण आहाराचं कोष्टक पाहा. प्राथमिकच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाज्या आणि ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका या हिशेबाने शे-दीडशे मुलांची खिचडी रोज शिजवत आल्या आहेत. त्यांना ग्रॅम परके वाटत नाहीत आणि पुरवणीतल्या वाचकांना ते झेपणार नाहीत, असं संपादकांनी का धरून चालावं?

वाटीचा मान मात्र तिला द्यायला हवा. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी दिलेल्या कृतींवर कितीतरी नवशिक्या मुली स्वयंपाक शिकल्या. तो काळ पाहिला म्हणजे ही निवड किती शहाणपणाची होती हे कळतं. वजनमापांचा केंद्रीय कायदा १९५६ सालचा. त्यानंतर पाच-सहा वर्षांत बाजारातून शेर आणि तोळे टप्प्याटप्प्याने हटवून किलो-ग्रॅम आणले गेले. त्याआधी शेर हे वजनही होतं आणि धान्य मापायचं भांडंही. चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं, आणि पायली गावागणिक वेगळी. इतक्या गोंधळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घरात काटा नव्हता, ग्रॅमची सवय नव्हती, पण वाटी प्रत्येकीकडे होती. ‘चवीपुरतं’ आणि ‘अंदाजाने’ यांच्या जागी चार वाट्या, दोन चमचे असे आकडे आले, हीच तेव्हा क्रांती होती. त्या वाटीचं श्रेय मान्य करूनच म्हणतो, की तिच्या जागेचं कारण आता उरलेलं नाही. ओट्यावर मावणारा, एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा काहीशे रुपयांत मिळतो, चांगल्या कढईहून स्वस्त.

आणि माल मोजताना आकारमानावर विसंबणं किती निसरडं असतं, याचा दाखला सरकारी कागदावरच आहे. खाद्यतेल आपण लिटरने घेतो. तेल तापलं की पसरतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये तेल कमी. काही कंपन्या पिशवीवर लिटरच्या पुढे तापमान छापू लागल्या, कधी कधी थेट ६० अंश सेल्सिअस. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये याची दखल घेतली. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम, असं त्या विभागानेच दाखवून दिलं. आणि तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापा, सोबत वजनही छापा, असं उत्पादकांना सांगितलं. इथे कंपन्यांची लबाडी किती आणि तांत्रिक पळवाट किती, हा वाद बाजूला राहू दे. मुद्दा असा की न दबणाऱ्या, सरळ ओतता येणाऱ्या तेलाच्या बाबतीतही सरकारला शेवटी आकारमानाच्या जोडीला वजनाचा आधार घ्यावासा वाटला. बेसन, रवा, किसलेलं खोबरं, दाण्याचं कूट यांचं काय बोलावं!

खरा वजनदार आक्षेप ‘अंदाजा’चा आहे. जुन्या सुगरणींनी काटा न पाहता उत्तम रांधलं. त्यांच्या हातालाच माप होतं. ग्रॅम आले की तो हात जाईल. यातला पहिला भाग बिनतोड आहे. दुसरा मात्र मला पटत नाही. अंदाज म्हणजे तोच पदार्थ, त्याच भांड्यात, त्याच हाताने शेकडो वेळा केल्यावर जमलेलं ज्ञान. ते घरात शेजारी उभं राहून शिकता येतं, कणीक किती सैल हवी हे बोटाने दाबून दाखवता येतं. छापील कृती ज्या वाचकासाठी असते, त्याच्या शेजारी कुणी उभं नसतं. पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीसाठी खोली घेऊन राहणारा मुलगा, पहिल्यांदा लाडू करणारी मुलगी, परदेशात बेसनाचं वेगळंच पीठ हाताळणारं कुटुंब यांना अंदाज कागदावरून देता येत नाही. आरंभबिंदू देता येतो. तो पक्का असला की पुढचं शिकणं सोपं जातं. आज २५० ग्रॅम बेसनाला १५० ग्रॅम तूप घालून लाडू थोडे बसले, तर पुढच्या वेळी १४० घेऊन पाहता येतं आणि त्या दहा ग्रॅमचा परिणाम ओळखता येतो. वाटीने मोजणाऱ्याला मागच्या वेळी नेमकं किती पडलं होतं हेच ठाऊक नसतं, मग काय दुरुस्त करायचं? अंदाज लवकर यायला काट्याची मदतच होते.

याच्या जोडीला एक गरज आहे, जिची चर्चा पाककृतींच्या पानावर होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं १०० ग्रॅमच्या हिशेबाने आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. ज्या घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण आहे, त्या घराला थालीपिठात पीठ किती आणि मीठ किती हे कळायला हवं, आणि वाटीतून ते कळत नाही. मिठाचा चमचासुद्धा फसवा: बारीक दळलेलं मीठ एका छोट्या सपाट चमच्यात सहा ग्रॅमच्या आसपास बसतं, जाडं मीठ त्याच चमच्यात बरंच कमी.

आता काट्याच्या मर्यादा. चिमूटभर हिंग, दोन काड्या केशर, पाव चमचा सोडा यांचं वजन घरगुती काट्याला धड करता येत नाही. एक ग्रॅमच्या आतबाहेरची मापं चमच्यावरच सोडावीत. फोडणीच्या मोहरीला ग्रॅम लिहिणं हास्यास्पद होईल आणि आमटीच्या पाण्याला तर नकोच. म्हणजे प्रत्येक ओळीत आकडा हवा असा हट्ट नाही. पीठ, रवा, साखर, गूळ, तूप, खोबरं, खवा, म्हणजे ज्यांच्या परस्परप्रमाणावर पदार्थ उभा राहतो तेवढ्यांचे ग्रॅम पुरे. आणि काही ठिकाणी वजनही पुरत नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, कपड्यावर पसरून, किंचित ओलसर असतानाच कुटतात किंवा दळतात. त्या पिठात पाणी किती राहिलं हे हवेवर आणि पसरण्यावर ठरतं, त्यामुळे पिठाचं वजन करून त्यावर गूळ ठरवला तर पाण्याचंही वजन हिशेबात येतं. तूप तापवून अनारसा आत सोडला आणि तो हसला, म्हणजे फुटून तुपात पसरला, तर काट्याने काही सांगितलेलं नसतं. इथे कोरड्या तांदळाचं वजन लिहून, भिजवण्यापूर्वीच्या त्या आकड्यावर गूळ ठरवायचा आणि ओलसरपणाची खूण शब्दांत सांगायची: मूठ वळली तर पिठाचा गोळा राहतो, बोटाने टोचला की मोडतो. कृती देणाऱ्याचं भाषेवरचं प्रभुत्व अशा जागी खर्ची पडावं, ‘मध्यम वाटी’ची व्याख्या करण्यात नाही.

कृती देणाऱ्याला यात जास्तीचं काम फार थोडं आहे. परात काट्यावर ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, आपल्या नेहमीच्या वाटीने नेहमीसारखं पीठ टाकायचं आणि जो आकडा दिसेल तो लिहून घ्यायचा. पुन्हा शून्य, मग तूप; पुन्हा शून्य, मग पिठीसाखर. पदार्थ नेहमीच्याच हाताने होतो, फक्त त्या हाताने काय केलं याची नोंद राहते. ज्याने कृती करून न पाहता कुठून तरी उतरवून घेतली असेल, त्याला मात्र हे आकडे देता येणार नाहीत, आणि संपादकांच्या दृष्टीने तो फायदाच आहे. पुरवणीत जागा नसते ही सबब नेहमी पुढे येते. ‘भाजणी ४ वाट्या (४५० ग्रॅम)’ एवढीच भर पडते, आणि ती ‘एक मध्यम आकाराची आमटीची वाटी, फार दाबून नाही पण शीग लावून’ यापेक्षा निश्चितच कमी जागा घेते.